कुसुमताईंचा घसा

कसब्यात कुणाकडे लग्न ठरलं, की हॉल, आचारी आणि गुरुजी यांच्या पाठोपाठ चौथा फोन कुसुमताई वैशंपायनांना जायचा. मुलामुलीची नावं, आईवडलांची, भावंडांची, मुलगी काय शिकली, मुलगा कुठे असतो, सगळं त्या फोनवरच लिहून घेत आणि शेवटी विचारत, "मुलाला राग लवकर येतो का हो?" समोरचा दचकायचा. मग कुसुमताई म्हणायच्या, "तसं लिहिणार नाहीये मी. पण 'शांत स्वभावाचा' असं चुकून जायला नको. मांडवात लोक हसतात."

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत त्यांनी सहाशेच्या वर जोडप्यांसाठी मंगलाष्टका लिहिल्या होत्या. मासिकांत कविता छापून आणणाऱ्यांना ही कारागिरी वाटायची, आणि कुसुमताईंनाही ती कारागिरीच वाटायची. पण कारागिरीचा त्यांना अभिमान होता. तो त्यांच्या वडलांकडून आला होता. श्यामसुंदर गुरुजी कसब्यातच भिक्षुकी करायचे. मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा त्यांनी तिला तांदूळ निवडायला शेजारी बसवलं आणि निवडता निवडता वृत्तं शिकवली. लघु अक्षराला चुटकी, गुरू अक्षराला टाळी. मंगलाष्टकेच्या ओळीत एकोणीस अक्षरं. बारा झाली की श्वास घ्यायचा, मग उरलेली सात. एवढं आलं की माणूस ओळी पाडू शकतो. खरी शिकवण पुढे होती.

"जागा भरायला शब्द घालू नकोस," गुरुजी सांगायचे. "शुभ, सुंदर, मधुर हे सगळे एस.टी.त खिडकीतून टाकलेले रुमाल. जागा अडते, माणूस बसत नाही. अशाला भरीचा शब्द म्हणतात. तो ऐकणाऱ्याला कळतोच. तोंडावर कुणी बोलत नाही, इतकंच."

कुसुम सोळा वर्षांची असताना लग्नांतून स्वतः मंगलाष्टका म्हणायला लागली. आवाज भरदार, उच्चार स्वच्छ. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या आजोबांना शब्द कळायचा. पुढे तिचं लग्न गोपाळकृष्ण वैशंपायनांशी झालं. ते महापालिकेत नकाशे काढायचे. अक्षर असं, की जणू पट्टी लावून काढलंय. बायकोनं रचायचं आणि त्यांनी जाड कागदावर काळ्या शाईनं उतरवायचं, हे वीस वर्षं चाललं. लग्नाला दोघं बरोबर जात. ते पहिल्या रांगेत बसून मांडीवर बोटं मोजत. एखादी मात्रा हुकलीच, तर बोट तिथंच थांबायचं, आणि घरी येताना रिक्षात म्हणायचे, "तिसऱ्या कडव्यात एका पायरीवर पाय घसरला बरं का." त्यापलीकडे कौतुक नाही आणि टीकाही नाही.

सेहेचाळिसाव्या वर्षी, एका मंगळवारी, ऑफिसचा जिना चढताना गोपाळकृष्ण बसले ते उठले नाहीत. कुसुमताई तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या, मुलगा सलिल दहावीत होता.

आठ महिन्यांनी पुतणीचं, निशाचं, लग्न निघालं. निशा कुसुमताईंच्या अंगाखांद्यावर वाढलेली. त्यांनी मंगलाष्टका लिहिल्या, या वेळी स्वतःच्याच अक्षरात. लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला गेला, गुरुजींनी मान हलवली, आणि कुसुमताई कागद घेऊन माईककडे निघाल्या. तेवढ्यात धाकट्या जाऊबाईंनी त्यांच्या हातातून तो कागद घेतला. हिसकावला नाही, अगदी अलगद घेतला.

"वहिनी, तुम्ही दमला असाल. आज मी म्हणते."

कुसुमताई दमल्या नव्हत्या. पण कागद गेल्यावर हात रिकामा झाला आणि काय झालं ते त्यांना कळलं. त्या मागे येऊन खुर्चीवर बसल्या. जाऊबाईंनी दोन ठिकाणी श्वास चुकवला. तो चुकलेला श्वास कुसुमताईंच्या छातीत राहिला.

कुणी वाईट वागलं नाही, म्हणून भांडायलाही काही नव्हतं. पुढच्या लग्नाचा फोन आला तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं, "लिहून देते. म्हणायचं मात्र तुमच्याकडचं कुणीतरी बघा. माझा घसा बसतो हल्ली." पलीकडच्या बाईंनी सुटकेचा श्वास सोडलेला त्यांना तारेतून ऐकू आला. तेव्हापासून चोवीस वर्षं कुसुमताईंचा घसा बसलेला होता.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत एका शनिवारी उत्कर्षा नावाची मुलगी आली. खराडीच्या एका कंपनीत नोकरी, वय सव्वीस, हातात हेल्मेट. कुसुमताईंनी वही उघडली.

"मुलाचं नाव?"

"वैजनाथ गावंडे. वय साठ."

कुसुमताईंचं पेन थांबलं. "आणि मुलगी?"

"तनुजा. माझी आई. छप्पन्न." उत्कर्षा जरा हसली. "सॉरी, मी आधी फोनवर सांगायला हवं होतं. पण मंगलाष्टका लिहिणाऱ्या दोघींनी फोनवरच नाही म्हटलं. म्हटलं, समोर बसून विचारावं."

"बसा. पाणी घ्या," कुसुमताई म्हणाल्या. "नाही म्हणायला मला वेळ लागतो."

उत्कर्षानं सगळं सांगितलं. तिचे वडील योगेश अकरा वर्षांपूर्वी कॅन्सरनं गेले. आई हडपसरला पोस्टात काउंटरवर आहे. वैजनाथकाका मूळचे यवतमाळकडचे, पस्तीस वर्षं हडपसरच्या कारखान्यात होते, लग्न केलेलं नाही. लग्न मे महिन्यात आहे, माणसं साठ-सत्तर. सगळं ठरलं, फक्त एका गोष्टीवर घरात रोज वाद चाललाय.

"मंगलाष्टकेत बाबांचं नाव हवं की नको? मामा म्हणतो, शुभकार्यात गेलेल्या माणसाचं नाव काढायचं नाही. आत्या, म्हणजे बाबांची बहीण, म्हणते, माझ्या भावाचं नाव नसेल तर मी येणारच नाही. आई काही बोलत नाही."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला दोन्ही पटतं," मुलगी म्हणाली. "म्हणून तर तुमच्याकडे आले."

सहाशे मंगलाष्टकांत कुसुमताईंवर ही वेळ आली नव्हती. त्या म्हणाल्या, "असं फोनवरच्या माहितीवर हे व्हायचं नाही. मला घर बघावं लागेल."

पुढच्या रविवारी त्या बसनं हडपसरला गेल्या. दोन खोल्यांचं घर, नुकताच रंग दिलेला, वास अजून जात नव्हता. वैजनाथ गावंडे शिडी बाहेर नेत होते. रंग त्यांनी स्वतःच दिला होता. उंच, सावळा, कमी बोलणारा माणूस. तनुजाबाईंनी चहा टाकला. दोघांची ओळख कशी झाली, ते विचारल्यावर त्या स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "पार्सलमुळे."

वैजनाथ दर महिन्याला गावाकडे बहिणीला औषधांचं पार्सल पाठवायचे. सात वर्षं त्याच काउंटरवर. 'वजन किती?' आणि 'पिनकोड नीट लिहा' यापलीकडे दोघांत बोलणं नाही. एकदा ते पार्सल परत आलं. बहीण गेली होती, आणि निरोप यायच्या आधी पार्सल परत आलं होतं. ते हातात धरून माणूस काउंटरसमोर उभाच राहिला. मागे रांग ओरडायला लागली. तनुजाबाईंनी काउंटर बंद केलं, बाहेर आल्या आणि त्यांना चहाच्या टपरीवर घेऊन गेल्या.

"साहेबांनी मेमो दिला मला," तनुजाबाई कप ठेवत म्हणाल्या. "जपून ठेवलाय."

कुसुमताईंचं लक्ष समोरच्या भिंतीकडे गेलं. सगळ्या भिंती फिकट पिवळ्या, पण दाराच्या चौकटीशेजारी हातभर रुंदीचा पट्टा जुन्या, मळक्या निळ्या रंगाचा तसाच राहिला होता. पट्ट्याच्या दोन्ही कडा चिकटपट्टी लावून सरळ राखल्या होत्या. त्या निळ्यावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, एकावर एक, प्रत्येकीपुढे तारीख. उत्कर्षा तीन वर्षांची, चार वर्षांची, साडेपाच. शेवटची रेघ पंधराची.

"हे बाबांनी काढायचे, दर वाढदिवसाला," उत्कर्षा म्हणाली.

"रंग इथं का नाही दिला?" कुसुमताईंनी वैजनाथना विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

वैजनाथांनी हातावरचा सुकलेला रंग नखानं खरवडला. मग म्हणाले, "ते माझं नाही ना जी. मी कसा पुसू? मी या घरात येऊन राह्यलो, पण घर आधीपासून चालू होतं. मले तर त्याच चालू घरात जागा भेटली." आणि पुढे म्हणाले, "नाव टाका तुम्ही. मले काही वाटणार नाही. नाही टाकलं तर मात्र वाटंल."

तनुजाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. उन्हाळा सुरू झाला होता, म्हणून असेल.

कुसुमताई निघताना तनुजाबाईंनी सहज विचारलं, "म्हणणार तुम्हीच ना?"

"नाही हो. माझा घसा बसतो."

"पाऊण तास बोलताय. चांगला आहे घसा."

पोस्टातल्या बाईला थापा कळतात. कुसुमताई उंबऱ्यात थांबल्या. चोवीस वर्षांत जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते एका अनोळखी बाईला त्यांनी एका दमात सांगितलं. "मला नवरा नाही. मी मंगलाष्टका म्हणत नाही. लोकांना चालत नाही."

तनुजाबाई आवाज न चढवता म्हणाल्या, "नवरा मलाही नव्हता. मी नवरी होतेय. मग मी अंतरपाटामागे उभी राहायचं की नाही, तेही सांगा."

परतीच्या बसमध्ये कुसुमताईंना खिडकी मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. 'घसा बसतो' हे किती वेळा म्हटलं असेल आपण? वृत्तात अचूक बसणारं वाक्य होतं ते, कुणालाही न खटकणारं. वडलांनी ऐकलं असतं तर पहिल्या झटक्यात ओळखलं असतं, ओळीत जागा अडवून बसलेला रुमाल. ओळीतला भरीचा शब्द त्या अर्ध्या मिनिटात काढून टाकायच्या. इथं तो चोवीस वर्षं बसून होता आणि त्याच्याभोवती त्यांनी दिवसांमागून दिवस नीट रचले होते. ओळ साधली होती, अर्थ गेला होता.

याहून वाईट आठवण स्वारगेटला बस बदलताना आली. आठ वर्षांपूर्वी बुरूड आळीतल्या वेणूबाई त्यांच्याकडे मुलीच्या लग्नाच्या मंगलाष्टका घ्यायला आल्या होत्या. नवरा गेल्यावर सुपं-परड्या विणून एकटीनं मुलगी वाढवलेली बाई. कागद हातात घेऊन, दबकत, त्यांनी विचारलं होतं, "ताई, यातलं एक कडवं मी म्हणलं तर चालंल का?" आणि कुसुमताई म्हणाल्या होत्या, "मावशीला म्हणू दे ना. तुम्ही दमाल." आपल्याला दिलेलं वाक्य त्यांनी जसंच्या तसं पुढे दिलं होतं. तेही अलगद.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बुरूड आळीत गेल्या. वेणूबाई दुकानाबाहेर बसून बांबूच्या कामट्या सोलत होत्या. कुसुमताई उभ्या उभ्याच बोलल्या, कारण बसल्या असत्या तर धीर गेला असता. "वेणूबाई, तुमच्या मुलीच्या लग्नात तुम्हाला कडवं म्हणायचं होतं. मी नको म्हटलं. माझं चुकलं."

वेणूबाईंची सुरी थांबली नाही. "झालं ते गेलं, ताई," त्या म्हणाल्या. पाच-सहा कामट्या झाल्यावर मान वर न करता बोलल्या, "पाठ केलं होतं मी. आठ दिवस. अजून येतंय." मग त्यांनी एक पाट पुढे सरकवला. कुसुमताई बसल्या. वेणूबाईंनी ते कडवं म्हटलं नाही आणि कुसुमताईंनी म्हणायला सांगितलं नाही. दोघी थोडा वेळ बसल्या, उन्हं दुकानात आली, आणि कुसुमताई घरी गेल्या. माफी मिळाली की नाही, ते त्यांना अजूनही नक्की माहीत नाही.

रविवारी सलिल आणि सून सुरुची जेवायला आले, तेव्हा कुसुमताईंनी भात वाढता वाढता सांगून टाकलं, "मे महिन्यात एका लग्नात मी मंगलाष्टका म्हणणार आहे."

सुरुचीला नवलच वाटलं. "आई, तुम्ही गाता?"

सलिलचा घास हातातच राहिला. चाळिशीला आलेला मुलगा, पण चेहरा दहावीतला झाला. "तू बंद केलंस तेव्हा मला वाटलं, तुलाच नकोय. बाबांची आठवण येते म्हणून. मग मी कधी विषयच काढला नाही."

"मला वाटलं, तुलाही तेच योग्य वाटतंय," कुसुमताई म्हणाल्या. मग आमटीचं पातेलं जवळ ओढून म्हणाल्या, "आपल्या घरात सगळे फार समजूतदार. कुणी कुणाला काही विचारत नाही."

लिहायला तीन आठवडे लागले. नावांनी त्रास दिला नाही. उलट त्यांना आश्चर्य वाटलं. 'वैजनाथ' आणि 'तनुजा' ही नावं ओळीच्या मध्यावर शेजारी शेजारी ठेवली, की एकही मात्रा कमी नाही की जास्त नाही.

दोघे एकट वैजनाथ तनुजा, चालोत वाटा नव्या

ही ओळ एका दुपारी, भाजी चिरताना झाली. अडलं ते योगेशपाशी. पहिला खर्डा 'स्वर्गातून' या शब्दानं सुरू झाला. योगेश वरून बघतो, आशीर्वाद देतो, फुलं उधळतो. वृत्त चोख होतं. त्यांनी ते मोठ्यानं म्हणून पाहिलं आणि कागद फाडला. या माणसाला त्यांनी स्वर्गात पाहिलं नव्हतं. त्यांनी पाहिली होती भिंत. मग त्यांनी फक्त पाहिलेलं लिहायचं ठरवलं. सात अक्षरांची जागा रिकामी होती. तिथं कौतुक नको, शोक नको, नुसती साक्ष हवी. शब्द कमी करत करत जे उरलं, ते हे:

ह्या भिंतीस विचारता समजते, योगेश होता इथे

चुटकी आणि टाळी वाजवून त्यांनी अक्षरं मोजली. एकही भरीचं नव्हतं.

आवाजाचं मात्र तसं नव्हतं. रोज सकाळी दूध तापेपर्यंत त्या रियाज करत. वरचा सूर लागेना. पट्टी दोन सुरांनी खाली आणावी लागली. शेजारच्या फ्लॅटमधल्या साईनाथांनी तिसऱ्या दिवशी जिन्यात विचारलं, "तुमच्याकडे कुणी आजारी आहे का?" कुसुमताई म्हणाल्या, "होतं. बरं होतंय."

लग्नाच्या दिवशी छोटा हॉल भरला होता. अंतरपाट धरला गेला. या खेपेला कागद घ्यायला कुणी आलं नाही, पण माईकपर्यंतची दहा पावलं फार लांब वाटली. पहिलं कडवं जरा घाईत गेलं. दुसऱ्यात आवाज बसला, म्हणजे जागेवर बसला. तिसऱ्या कडव्यात त्या 'समजते'पर्यंत आल्या, बारावं अक्षर, श्वासाची जागा, आणि श्वास घेतल्यावर पुढचे शब्द बाहेर येईनात. शब्द आठवत होते. पण पहिल्या रांगेकडे नजर गेली, आणि तिथं मांडीवर बोटं मोजणारं कुणी नव्हतं. हॉल गप्प झाला. गुरुजींनी वर पाहिलं. कडवं संपलं असं समजून मागच्या काही लोकांनी अक्षता टाकून दिल्या, त्या पुढच्यांच्या डोक्यावर पडल्या, आणि कुणीतरी हसलं.

त्या हसण्यानं कुसुमताई भानावर आल्या. "योगेश होता इथे," त्यांनी म्हटलं. सूर लागला नाही, जवळजवळ बोलल्यासारखंच गेलं. पण शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

अंतरपाटाच्या अलीकडे वैजनाथांनी मान खाली घातली. पलीकडे तनुजाबाई ताठ उभ्या होत्या. उत्कर्षाचा हात त्यांच्या पाठीवर होता. मामा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

जेवणं चालली होती तेव्हा एक वयस्क, कडक इस्त्रीच्या साडीतली बाई कुसुमताईंच्या पानासमोर येऊन उभी राहिली. नमस्कार नाही, ओळख नाही. "मी योगेशची बहीण. कुठली भिंत?"

कुसुमताईंनी सांगितलं. निळा पट्टा, पेन्सिलीच्या रेघा, चिकटपट्टी लावून सरळ राखलेल्या कडा. आणि ते कुणी राखलं, तेही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग वळून उत्कर्षाला हाक मारली, "ए, जेवण राहू दे. मला आधी घरी घेऊन चल." उत्कर्षानं जेवण अर्धवट टाकून स्कूटरची किल्ली शोधली. दोघी गेल्या त्या तासाभरानं परत आल्या. आत्याबाईंचे डोळे सुजलेले होते. त्यांनी आपल्या हातानं एक जिलबी वैजनाथांच्या पानात वाढली आणि काही न बोलता पुढच्या पंक्तीकडे निघून गेल्या.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. कुसुमताईंचा आवाज पूर्वीसारखा झालेला नाही आणि होणारही नाही. काही घरांनी त्यांना बोलावणं बंद केलं, हे त्यांच्या कानावर आलं. मंगलाष्टका त्या अजून लिहितात. फोन आला की नावं, शिक्षण, राग लवकर येतो का, सगळं पूर्वीसारखंच विचारतात. फक्त फोन ठेवण्याआधी एक जास्तीचं बोलतात.

"म्हणायलाही येईन मी. मला नवरा नाही. घरात विचारून घ्या आणि आजच कळवा. उगाच यमकं जुळवून बसायला नको."

या मार्गशीर्षात अशा पाच फोनांपैकी दोघांनी परत फोन केला नाही. एकानं लिहून फक्त पाठवा म्हटलं. त्याला कुसुमताईंनी सांगितलं की हल्ली नुसतं पाठवत नाही. उरलेल्या दोन लग्नांना त्या गेल्या. एक नऱ्हेला होतं आणि परत येताना रिक्षा मिळायला फार उशीर झाला.